सादिक, तू चुकीच्या माणसाला सिगार शिकवलास

सादिक, तुला माती देऊन झाल्यावर माणसं कब्रस्तानाच्या फाटकाशी थांबली आणि तुझ्या नाकाबद्दल बोलायला लागली. चहापत्तीची चिमूट नाकाशी नेऊन तू माल जुना की नवा ते सांगायचास. दुबईच्या हॉटेलात बडे बडे शेख तुला विचारल्याशिवाय सिगार पेटवत नसत. असं नाक मेहकरात पुन्हा होणे नाही, असं एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मला राग आला होता. तुझ्याहून चांगलं नाक त्या वेळी तुझ्याच घरात, आतल्या खोलीत, बायकांमध्ये बसलं होतं, आणि ते तुला पक्कं माहीत होतं.

मृत्युलेख मी आयुष्यभर लिहिले. जन्म, शिक्षण, व्यवसाय, स्वभाव, आणि शेवटच्या ओळीत, ‘त्यांच्या पश्चात पत्नी व एक मुलगी असा परिवार आहे.’ तुझा मी तसा लिहिणार नाही. ‘एक मुलगी’ एवढ्या दोन शब्दांत सुमैयाचं प्रकरण मिटत नाही.

अमडापूरच्या शाळेत आपण एका बाकावर होतो. पुढे मी वर्तमानपत्रात गेलो आणि तू दुबईला. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात आधी भांडी, मग टेबलं आणि शेवटी सिगारची खोली, असा तू चढत गेलास. काचेची, थंड, किंचित दमट खोली, लाकडी फळ्यांवर क्युबाहून आलेले डबे, आणि त्यांची राखण करणारा तू. कोणता डबा अजून कच्चा आहे, कोणता ऐन भरात आहे, कोणत्या पाहुण्यापुढे काय ठेवायचं, हे तू ठरवायचास. परत आलास ते मेहकरात चहापत्तीचं दुकान काढून बसलास. चार बागांची पत्ती मिसळून प्रत्येक हॉटेलवाल्याला त्याच्या पाण्याप्रमाणे मिश्रण करून द्यायचं, हा धंदा. दुकानामागच्या खोलीत सागवानी कपाट होतं. त्याला आतून तू रिकाम्या डब्यांच्या देवदारी फळ्या ठोकल्या होत्यास. कपाटात तुझे सिगार. दुबईतला जुना सोबती गावी येताना त्यात भर टाकायचा.

दर रविवारी दुपारी तू मला त्या खोलीत बसवून एक सिगार पेटवायचास. एका सिगारवर दोन तोंडं, हे तुझ्या जुन्या साहेबांना मुळीच चाललं नसतं. धूर गिळायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा. पेटवण्याआधी कोरडाच एक झुरका ओढायचा, म्हणजे पानाची मूळ चव कळते. सिगारच्या तीन भागांतला पहिला ओळख करून देतो, मधला खरं बोलतो, शेवटचा भांडतो. आत तीन तऱ्हांची पानं असतात. झाडाच्या बुडाचं पान जळायला मदत करतं, मधलं वास देतं, शेंड्याचं ऊन खाऊन जाड झालेलं पान तिखटपणा देतं. बाहेरचं पान मात्र उन्हापासून जपलेलं, कापडी मांडवाखाली वाढवलेलं. गुळगुळीत, शिरा न दिसणारं. हे सगळं तू मला शिकवलंस. वर्षानुवर्षं शिकवलंस. आणि मला सुरुवातीची बरीच वर्षं फक्त धूर लागत होता.

“काय लागलं?”

“धूर.”

“धूर त बिडीलेही असते बे! जिभेच्या मांगं काय लागून राह्यलं ते सांग.”

“मिरे.”

“काळे का पांढरे?”

“काळे.”

“खोटं बोलतं. मी इचारलं म्हून सांगून राह्यला. पेपरात बी असंच लिहितं काय रे तू?”

दुकान आणि खोली यांच्यामध्ये पोत्याचा पडदा होता. पलीकडे सुमैया पत्ती तोलत असायची. तेव्हा ती शाळेत होती. एका रविवारी मी असाच चाचपडत असताना पडद्याआडून आवाज आला.

“चाचा, तुअर की शेंगा बोलो. भुनी हुई. हुरड्यासारख्या आगीत टाकलेल्या.”

“तू पत्ती तोल,” तू म्हणालास.

तिला सिगार दिसत नव्हता. तिच्यापर्यंत फक्त पोत्याच्या विणीतून गाळून आलेला धूर पोचत होता. मी पुन्हा झुरका घेतला आणि पहिल्यांदाच मला काहीतरी लागलं. भाजलेल्या तुरीच्या शेंगा, टरफल करपल्याचा तो गोडसर कडवटपणा. मी तुझ्याकडे पाहिलं. तू खिडकीबाहेर बघत होतास. पुढच्या आठवड्यात दुकानात आलेल्या चिखलीच्या एका डॉक्टरांना तू ऐटीत सांगितलंस, “डॉक्टरसाहेब, लोकं याले कोको म्हनतात, कॉफी म्हनतात. आपल्या जिभेले इचारा. तुरीच्या शेंगा!” डॉक्टर खूष झाले. ती तिथेच काउंटरला होती. तू तिच्याकडे पाहिलंही नाहीस.

ओल्या पोत्याचा वास, सरकीच्या पेंडीचा वास, जवसाच्या चटणीतला तेलकट खमंगपणा, नव्या चपलेचं चामडं आणि मुरलेल्या चपलेचं चामडं यांतला फरक. आज मेहकरात तुझे म्हणून जे शब्द लोक सांगतात, त्यांतले बहुतेक तिचे आहेत. हे मी साक्षीदार म्हणून लिहितो. मी त्या खोलीत होतो.

एक गोष्ट मात्र तुझीच, आणि त्यासाठी मी तुझा ऋणी आहे. क्युबाच्या कारखान्यांत सिगार वळणाऱ्या कामगारांसमोर उंच खुर्चीवर एक वाचक बसतो आणि सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी मोठ्याने वाचून दाखवतो, हे तू मला सांगितलंस. फार जुनी चाल. कामगारांनीच हट्टाने सुरू केलेली आणि आपल्या कमाईतून चालवलेली. वाचन आवडलं तर ते पान कापायची पाती टेबलावर ठोकतात. त्यावरून तू नियम काढलास की फुकट सिगार नाही, पेपर वाचून दाखवायचा. मी रविवारचा अंक वाचायचो, अग्रलेखापासून बाजारभावापर्यंत. बातमी पटली तर तू चहाच्या डब्यावर चमचा हाणायचास, नाही पटली तर शिव्या द्यायचास. नोकरीत हजारो माणसांसाठी लिहिलं, पण माझ्या तोंडावर दाद देणारा वाचक तू एकटाच.

“चाचा, वहाँ औरत भी पढती क्या?” सुमैयाने एकदा विचारलं.

उत्तर तू दिलंस, आणि अभिमानाने दिलंस. “पढती ना! वळतात बी बायाच जास्त आता.”

काउंटरच्या वर तू एका क्युबन बाईचा फोटो लावला होतास. ती तुझ्या हॉटेलात पाहुण्यांसमोर सिगार वळून दाखवायला आली होती. सावळी, पोक्त, चष्मा लावलेली बाई, हातात चपटं पातं. एका गिऱ्हाइकाने फोटो पाहून डोळा मारला होता. “सादिकभाई, मांडीवर वळतात म्हणे पोरी?” तू त्याला दुकानाच्या पायरीखाली उतरवलंस. “टेबलावर वळतात, लाकडी पाटावर. त्या बाईच्या बोटात जे आहे ते तुह्या खानदानात नाही. निघ!” मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. त्या फोटोच्या बरोबर खाली तुझी मुलगी उभी असायची आणि तिला पडद्याच्या आत यायला बंदी होती. तू हे रोज पाहत होतास.

मग तो खसचा उन्हाळा. आपल्याकडच्या मे महिन्यात कपाटात दमटपणासाठी ठेवलेला ओला स्पंज दुपारपर्यंत खडखडीत वाळायचा. सिगार तडकायला लागले. तू काय केलंस, तर नव्या कूलरच्या टाटीतून खसचा, म्हणजे वाळ्याचा, जुडगा उपटलास, भिजवून कपाटात ठेवलास आणि दार लावलंस. दुबईत हे कुणी केलं नसतं, आणि आपल्या गावात कुणालाही हेच सुचलं असतं. पंधरवड्याने तू सिगार पेटवलास. पडद्यापलीकडून लगेच आवाज आला.

“अब्बा, खस की बास आ री. पूरे कपाट में घुस गई.”

“चूप!”

मी झुरका घेतला. त्यात खसच होता. उन्हाळ्यातलं माठाचं पाणी प्यावं तसा धूर. एवढा माझ्यासारख्यालाही कळला. मी तसं म्हणालो. तू डोळे मिटलेस, मोठा झुरका घेतलास आणि म्हणालास, “हे गवताचं कुरन आहे. क्युबाचं हिरवं कुरन. तुमाले कायचं समजते?”

आपण भांडलो. मी म्हणालो, पोरगी बरोबर आहे हे कबूल करायला तुला इतकं जड का जातं? तू म्हणालास, माह्या घरातलं मले शिकवू नको. मला वाटलं, अहंकार. त्या दिवसापासून मी तुझ्याविषयी हेच मत धरून चाललो.

या वर्षी तिची निवड झाली. दक्षिणेतल्या एका चहा कंपनीचा माणूस तुझ्या दुकानात नमुने घेऊन आला होता. ओळीने पेले मांडले. तू एकेक घोट घेऊन मान डोलावत होतास. तिने काउंटरवरूनच सांगितलं की त्या कडेच्या पेल्यात मागच्या हंगामाचा माल मिसळला आहे. तो माणूस चमकला, कारण तो खरंच मिसळलेला होता. त्याने वरती कळवलं. नागपूरला परीक्षा झाली, तिची आई, आमच्या भाभी, सोबत गेल्या. कंपनीच्या चव तपासणाऱ्या विभागात शिकाऊ म्हणून तिला बोलावणं आलं. तू परीक्षेला जाऊ दिलंस आणि निवड झाल्यावर नाही म्हणालास. शेवटच्या रविवारी मी पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि म्हणालो, आज आधी याचं उत्तर दे, मग वाचीन.

“ते काम माहीत आहे काय तुले?” तू म्हणालास. “दिवसभर सुर्र सुर्र भुरके मारायचे न चूळ भरून थुकायचं. धा मर्दाईसमोर. माह्या पोरीनं?”

“तू नाही थुंकत?”

“मी मर्द आहे बे.”

“आणि फोटोतली बाई? ती पाहुण्यांसमोर बसून सिगार वळत होती.”

“ते परायी आहे.”

“म्हणजे परक्याच्या बाईचा हात भिंतीवर लावायचा आणि आपल्या मुलीचं नाक पोत्यामागे ठेवायचं.”

“पेपर वाचतं का जातं?”

मी गेलो. सिगारचा मधला भाग नुकताच सुरू झाला होता. शटर उघडताना तू कोसळलास ही बातमी त्याच आठवड्यात आली. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. भाभींनी कपाटाकडे बोट दाखवलं. तंबाखूचा त्यात किती हात, हे मला सांगता येणार नाही, पण भाभींचं बोट मी विसरणार नाही.

तुझे मोठे भाऊ हनीफभाई सुलतानपूरहून आले. सगळं त्यांनीच सांभाळलं, हे त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे. तुझा चाळिसावा दिवस होण्याआधी सुमैयाच्या कंपनीचा फोन आला की येणार की नाही ते कळवा. हनीफभाईंनी मला बोलावून घेतलं. बैठकीत ते, मी, आणि दाराच्या पडद्याआड इद्दतीत, विधवेच्या एकांतात, बसलेल्या भाभी. सुमैया उंबऱ्याशी उभी होती.

“भाऊ, तुम्ही त्याचे जिगरी,” हनीफभाई म्हणाले. “आम्हाले त मालूम आहे का त्याची मर्जी नव्हती. पन आखरीले तुमच्यासंगं काही बोलला असंल. हो म्हनला असंल त सांगा. मरहूमची मर्जी आम्ही तोडनार नाही. नाही म्हनला असंल त बात खतम.”

‘हो म्हणाला होता’, एवढं म्हणायचं होतं. कुणी पडताळून पाहणार नव्हतं. सुमैया माझ्याकडे बघत होती. त्या क्षणी मला तुझा जितका राग आला, तितका कधीच आला नव्हता. स्वतः मोकळा होऊन तू मला या खुर्चीत बसवलंस, आणि तुझ्या मुलीचं पुढचं आयुष्य माझ्या जिभेवर ठेवलंस. पण तुझ्या तोंडी तू न म्हटलेलं वाक्य घालणं मला जमलं नाही. दुसऱ्या कुणाच्याही बाबतीत मी ते केलं नव्हतं.

“नाही म्हणाला होता,” मी म्हणालो. “आणि तो चुकला होता.”

हनीफभाई थांबले. “मेलेल्या मानसाच्या इरोधात बोलता, भाऊ?”

“जिवंत होता तेव्हाही बोलत होतो. त्याच्या तोंडावर. विचारा भाभींना.”

“इज्जतची बात होती त्याची. पोरगी मर्दाईसमोर थुकनार...”

“भाईजान.” पडद्याआडून भाभी बोलल्या. आवाज बसलेला होता, पण शब्द स्पष्ट होते. “थूकने का कुछ नै था. उनकी नाकच नै थी.”

हनीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“वो बडा बुखार आया था ना, उसके बाद से गई. न फूल की बास, न गोश्त की. इत्तर लगा के मेरे को पूछते, लगा क्या? दुकान की सारी पत्ती ये बच्ची मिलाती थी. वो खाली नाम से बैठते थे. ये गई तो दुकान गई, और सारे गाँव को मालूम पडता. इस वास्ते रोके. मेरे को कसम डाले थे. अब किस की कसम?”

मी सुमैयाकडे पाहिलं. तिला माहीत होतं, अर्थातच. तिच्याकडे तुझा नकार एका वाक्यात मोडून काढायचं साधन होतं आणि तिने ते वापरलं नव्हतं. तुझ्यासमोर नाही, हनीफभाईंसमोर नाही, तुझ्या मागेही नाही.

त्यानंतर मला सगळे रविवार पुन्हा तपासावे लागले. खसच्या दिवशी तू हट्ट करत नव्हतास. तुला खरोखरच काही येत नव्हतं. गेली काही वर्षं तू झुरका घेऊन सिगार माझ्याकडे द्यायचास आणि विचारायचास, काय लागलं? मी परीक्षेतल्या पोरासारखा घाबरत, कधी अंदाजपंचे, कधी तुला चिडवायला काहीबाही सांगायचो. तू ऐकत राहायचास. ती परीक्षा नव्हती. तुला ते माहीत करून घ्यायचं होतं. सादिक, हे मला सांगायचं होतंस! मी नीट लक्ष दिलं असतं. वेळ घेतला असता. पडदा बाजूला करून तिलाच आत बसवलं असतं, आणि तिने तुला एकेक चव सांगितली असती, तुला कळेल अशा शब्दांत. तिच्याइतकं ते कुणालाच जमलं नसतं. त्याऐवजी तू आपल्या घरात, आपल्या माणसांमध्ये, लाजत बसलास. वर तिच्या इज्जतीचं कारण पुढे केलंस. आपली भीती झाकायला मुलीची अब्रू वापरलीस. याची मला चीड आहे. तू आता नाहीस म्हणून ती ओसरेल, असं मला वाटत नाही.

आणि तरी हेही खरं आहे की कशाचीही चव न लागता तू दर रविवारी सिगार पेटवलास. मला बोलावलंस. पेपर वाचून घेतलास. डब्यावर चमचा हाणलास. त्या दुपारी तुझ्या वाट्याला फक्त माझा आवाज येत होता. हे मला आत्ता कळतं आहे, आणि याचं मी काय करू, ते मला सांगता येत नाही.

त्या दिवशी बैठकीत हनीफभाई पडद्याकडे न पाहता म्हणाले, “भाभी, तुम्ही काय म्हनता?”

“मैं भेज री.”

“दुकान?”

“बंद करो, नै तो तुम बैठो. बच्ची गल्ला नै है दुकान का.”

हनीफभाईंनी मान हलवली. उठताना सुमैयाच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, “बेटा, उतने दूर, खाना क्या मिलता वहाँ?” ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. “इडली, बडे अब्बा. रोज.” ते म्हणाले, “या अल्लाह,” आणि बाहेर जाऊन चपला शोधायला लागले.

भाभींना आणि सुमैयाला विचारून हे लिहितो आहे. भाभी म्हणाल्या, नाक का भी लिखो, नै तो लोग बच्ची को नाम रखते. सुमैया म्हणाली, अब्बा को बुरा नको लिखना चाचा. मी तिला सांगितलं की जसं होतं तसं लिहीन. ती म्हणाली, म्हणजे बुराच.

ती सोमवारी निघते आहे. मेहकरहून एसटीने अकोला, तिथून रेल्वे. हनीफभाई पोचवायला जाणार आहेत आणि आठवडाभर थांबणार आहेत. कंपनीतल्या त्या खोलीत पहिल्या दिवशी ती दहा पुरुषांच्या रांगेत उभी राहील, भुरका मारील, थुंकेल आणि पेल्यात काय आहे ते सांगेल. ते ती स्वतःच्या नावावर सांगेल.

सादिक, हे तुला कळवतो आहे. विचारत नाही.